बर्बन आणि राय: सहा ग्लास, तीन जोड्या

‘बर्बन गोड, राय तिखट’ हे वाक्य डोक्यात घेऊन या दोन अमेरिकन व्हिस्क्यांच्या बाटल्या समोर ठेवल्या, की ते खरं ठरतंच. लेबल दिसत असतं, जीभ त्याच्या मागे जाते. त्यातून एक बाटली 40 टक्क्यांची आणि दुसरी 55 टक्क्यांची असेल तर विचारायलाच नको. तोंडाला जो फरक लागतो तो अल्कोहोलचा असतो आणि आपण त्याला धान्याचं नाव देतो. धान्याची चव खरोखर ओळखायची असेल तर बाकीचं शक्य तेवढं सारखं ठेवावं लागतं. आम्ही तेच केलं: सहा बाटल्या, तीन जोड्या, प्रत्येक जोडीतल्या दोन्ही व्हिस्क्यांची तीव्रता सारखी, आणि सगळी चाचणी डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी, म्हणजे कुठल्या ग्लासात काय आहे ते माहीत नसताना.

आधी नियम, कारण बाटल्यांची निवड त्यांवरच अवलंबून आहे. राय म्हणजे आपली राई किंवा मोहरी नव्हे. गहू-बार्लीच्या कुळातलं, थंड प्रदेशात पिकणारं ते एक धान्य आहे. अमेरिकन कायद्यात बर्बन आणि राय यांचे नियम जवळजवळ जुळे आहेत. बर्बनच्या धान्यात किमान 51 टक्के मका हवा, रायमध्ये किमान 51 टक्के राय. दोन्हींमध्ये ऊर्ध्वपातनाची मर्यादा 80 टक्के अल्कोहोल, पिंपात भरताना जास्तीत जास्त 62.5 टक्के, पिंप आतून जाळलेल्या कोऱ्या ओकचं आणि बाटलीत किमान 40 टक्के. लेबलवर ‘स्ट्रेट’ असेल तर पिंपात किमान 2 वर्षं झालेली असतात, आणि 4 वर्षांपेक्षा कमी असतील तर वय छापणं बंधनकारक आहे. म्हणून वय न लिहिलेली स्ट्रेट व्हिस्की निदान 4 वर्षांची आहे असं धरता येतं. ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का 1897 च्या कायद्याचा: एकच डिस्टिलरी, एकाच हंगामातलं ऊर्ध्वपातन, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान 4 वर्षं आणि बाटलीत नेमके 50 टक्के. तुलनेसाठी याहून सोयीचा शिक्का नाही, कारण चार गोष्टी कायद्यानेच पक्क्या करून दिलेल्या असतात.

इथे प्रूफचा घोळ मिटवून टाकू. अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट; 100 प्रूफ म्हणजे 50 टक्के. जुन्या ब्रिटिश मोजणीत 100 प्रूफ म्हणजे सुमारे 57.1 टक्के, आणि त्यातले 75 म्हणजे 42.8 टक्के. भारतीय व्हिस्कीच्या बाटल्यांवर जो 42.8 चा आकडा दिसतो तो तिथून आलेला आहे. दोन देशांतल्या बाटल्या शेजारी ठेवायच्या असतील तर प्रूफ सोडा, टक्के वाचा.

पहिली जोडी वाइल्ड टर्की 101 बर्बन आणि वाइल्ड टर्की 101 राय. दोन्ही केंटकी राज्यातल्या लॉरेन्सबर्गच्या, दोन्ही 50.5 टक्के, पिंपं सर्वांत खोल जाळलेली, म्हणजे चौथ्या क्रमांकाची. बर्बनचं मॅश बिल, म्हणजे धान्यांचं प्रमाण, मका 75, राय 13, माल्ट केलेली बार्ली 12. रायचं प्रमाण राय 51, मका 37, बार्ली 12. बार्ली दोन्हीकडे तेवढीच. मका 38 टक्क्यांनी उतरला आणि राय तेवढ्यानेच चढली. घरबसल्या मिळणारा याहून स्वच्छ प्रयोग आम्हाला माहीत नाही.

दुसरी जोडी हेवन हिल या कंपनीची. एव्हान विल्यम्सचं पांढऱ्या लेबलचं बॉटल्ड इन बाँड (मका 78, राय 10, बार्ली 12) आणि रिटनहाऊस राय (राय 51, मका 35, बार्ली 14), तीही बॉटल्ड इन बाँड. दोन्ही 50 टक्के. बाँडच्या बाटलीवर डीएसपी, म्हणजे डिस्टिलरीचा सरकारी नोंदणी क्रमांक असतो, तो जरूर बघा. रिटनहाऊसच्या जुन्या बाटल्यांवर डीएसपी-केवाय-354 असतो आणि नंतरच्यांवर डीएसपी-केवाय-1. म्हणजे नाव तेच असून दारू दोन वेगळ्या डिस्टिलऱ्यांत गाळलेली. कपाटात वर्षानुवर्षं पडलेली बाटली आणि आज आणलेली बाटली एकच समजून जुळवणी केली तर निष्कर्ष तिथेच फसतो.

तिसरी जोडी मुद्दाम दोन टोकांची. मेकर्स मार्क, केंटकीतल्या लोरेटोची: मका 70, गहू 16, बार्ली 14, राय अजिबात नाही. तिच्यासमोर बुलेट राय: राय 95, माल्ट केलेली बार्ली 5. दोन्ही 45 टक्के. ही 95 टक्क्यांची पाककृती इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या मोठ्या डिस्टिलरीची, जी पूर्वी सीग्रॅमची होती आणि 2011 पासून एमजीपी या कंपनीकडे आहे. कितीतरी ब्रँडांच्या राय तिथेच गाळल्या गेल्या आहेत. त्यामुळे लेबलवर नुसतं ‘लॉरेन्सबर्ग’ वाचून थांबू नका, पुढे राज्य बघा. केंटकीचं लॉरेन्सबर्ग वेगळं, इंडियानाचं वेगळं, आणि दोन्हीकडच्या रायची चव एकमेकींपासून फार लांब आहे.

केंटकीच्या राय बहुधा 51 टक्क्यांवरच का थांबतात? याचं एक कारण भट्टीजवळ आहे. रायमध्ये बीटा-ग्लुकन हे चिकट तंतुद्रव्य भरपूर, त्यामुळे शिजवताना मॅश, म्हणजे धान्य-पाण्याचं मिश्रण, चिकट होतो, फेस चढतो, पंप अडतात. दुसरं कारण इतिहासात. रायचा मूळ मुलूख पेनसिल्व्हानिया आणि मेरीलँड. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या भट्टीतसुद्धा 60 टक्के राय, 35 टक्के मका आणि 5 टक्के बार्ली घालत. 1920 ते 1933 च्या दारूबंदीनंतर पूर्वेकडचा तो धंदा हळूहळू विझला आणि रायची उरलीसुरली गादी केंटकीतल्या बर्बनवाल्यांकडे गेली. त्यांनी ती आपल्या सवयीने, मका राखून केली. हे लक्षात ठेवलं की पुढचे निकाल चकित करत नाहीत.

आता मांडणी. वेळ सकाळी अकराच्या सुमारास, पोटात हलका नाश्ता, त्याआधी तासभर चहा-कॉफी, पान, बडीशेप काही नाही. बडीशेप तर नाहीच नाही, कारण रायमध्ये नेमका तोच वास शोधायचा असतो. घरात फोडणी झालेली नको, उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको, हाताला सुगंधी साबणाचा वास नको. ग्लास सहाही एकाच आकाराचे हवेत. खाली फुगीर आणि वर निमुळते ग्लेनकेर्न असतील तर उत्तम, नाहीतर छोटे वाइन ग्लास चालतात. रुंद तोंडाचे सपाट ग्लास वास उडवून टाकतात. ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुवायचे आणि सुती फडक्याने पुसून उभे ठेवायचे. कपाटात उपडे ठेवलेल्या ग्लासात लाकडाचा, कागदाचा शिळा वास कोंडतो आणि तो सरळ व्हिस्कीच्या नावावर जमा होतो. ओतण्याआधी प्रत्येक रिकामा ग्लास हुंगायचा. दोनदा आम्हाला यातच दोष सापडला.

माप 15 मिली. डोळ्यांच्या अंदाजाने नाही. सुई नसलेल्या 20 मिलीच्या सिरिंजने. सहा ग्लासांत मिळून 90 मिली, त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण 44 मिली. हे दीड मोठ्या पेगाएवढं होतं आणि ते सगळं गिळलं तर चौथ्या ग्लासानंतरच्या नोंदी कामाच्या राहत नाहीत. म्हणून थुंकायला प्रत्येकाला एक अपारदर्शक पेला. शेवटचा घोट तेवढा गिळायचा, कारण घशातला रेंगाळ थुंकून कळत नाही. त्या दिवशी गाडी कुणी चालवायची नाही. महाराष्ट्रात 25 वर्षांखालच्यांना या टेबलावर कायद्याने जागा नाही आणि परवानाही लागतो.

ओतणारा एक, जागा बदलणारा दुसरा. पहिल्याने ग्लासाच्या तळाला तीन अंकी क्रमांकाची चिठ्ठी लावायची आणि यादी खिशात ठेवायची. दुसऱ्याने, यादी न बघता, ग्लासांचा क्रम बदलायचा. क्रमांक 1, 2, 3 किंवा अ, ब, क नको. पहिल्या क्रमांकाला नकळत मान मिळतो. 417, 862 असे आकडे मनात काही उभं करत नाहीत. रंग झाकण्यासाठी आम्ही ग्लासाभोवती काळा कागद गुंडाळला. गडद व्हिस्की जुनी आणि गोड वाटते, हा भ्रम इतका घट्ट आहे की तो माहीत असूनही सुटत नाही.

बाटल्यांच्या पातळीकडेही बघावं. एक बाटली आज उघडलेली आणि दुसरी वर्षभर पाव भरलेली, असं असेल तर जी तुलना होते ती हवेशी झालेल्या संपर्काची. आम्ही सहाही बाटल्या एकाच दिवशी उघडल्या, प्रत्येकीतून 60 मिली काढले आणि आठवडाभर तशाच ठेवल्या. नुकत्या उघडलेल्या बाटलीच्या पहिल्या घोटात अल्कोहोलचा जो उग्रपणा असतो तो एवढ्याने बसतो.

क्रम 45 टक्क्यांच्या जोडीपासून वर. पण त्याआधी एक वाया घालवायचा घोट, मोजणीत न धरलेला. कोरड्या तोंडात गेलेली पहिली व्हिस्की कितीही चांगली असो, ती जाळतेच. तो जाळ कुणा स्पर्धकाच्या माथी मारू नये. ओतल्यावर ग्लासावर बशी किंवा पुठ्ठ्याचं झाकण ठेवून दहा मिनिटं थांबायचं.

वास घेताना वाइनसारखं गरगरा फिरवायचं नाही. त्याने अल्कोहोल उसळतं आणि नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीशी धरायचा, ओठ किंचित उघडे, नाक आणि तोंड दोन्हींतून हलका श्वास. मग हळूहळू वर. बोचल्यासारखं झालं की मागे. दोन ग्लासांच्या मध्ये स्वतःच्या शर्टाची बाही किंवा कोपराची वळी हुंगायची, नाक पुन्हा जागेवर येतं. पहिला घोट अर्धा चमचा, तोंडात सगळीकडे फिरवून थुंकायचा आणि त्याबद्दल काही लिहायचं नाही. दुसरा घोट पाच-सहा सेकंद चावल्यासारखा धरायचा. नोंदी दुसऱ्या आणि तिसऱ्या घोटाच्या. दोन ग्लासांमध्ये कोमट पाणी आणि साध्या पावाचा तुकडा. चखणा नाही, शेव-फरसाण दूरच, खारे शेंगदाणेसुद्धा नकोत.

शब्दांवर थांबायला हवं, कारण मराठीत ही चाचणी करताना सगळ्यात मोठी गल्लत तिथेच होते. अमेरिकन लोक रायला ‘स्पायसी’ म्हणतात आणि आपण त्याचं ‘तिखट’ करून टाकतो. मिरचीसारखं झोंबणं रायमध्ये नसतं. झोंबतं ते अल्कोहोल: जिभेच्या कडांना, हिरड्यांना, मग छातीत. रायचा मसाला म्हणजे खडा मसाला. मिरी, दालचिनी, लवंग, शहाजिरं, बडीशेप. तो वासात असतो आणि घशातून परत नाकात येतो. कागदावर आम्ही दोन वेगळे रकाने केले, ‘झोंबणं’ आणि ‘मसाला’, आणि त्या क्षणापासून नोंदी सुधारल्या. नाक चिमटीत धरून घोट घेतला की मसाला नाहीसा होतो आणि झोंबणं तसंच राहतं. दोन्ही वेगळं करायचा हा सर्वांत सोपा उपाय.

त्यातही लवंगेचा वास आला म्हणून राय समजू नये. ओकच्या लाकडातून युजेनॉल उतरतं आणि लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य तेच. म्हणजे लवंग पिंपातूनही येते, बर्बनमध्येही येते. व्हॅनिलाचा वास लाकडातल्या लिग्निनचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास ओक लॅक्टोनचा, जो अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये भरपूर. गोव्यातल्या पॉल जॉनची सिंगल माल्ट बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरते. ती चाखलेल्यांना हे व्हॅनिला-खोबरं ओळखीचं वाटेल. बर्बनसाठी पिंप कोरंच लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं अशी जगभर जातात. थोडक्यात, व्हॅनिला, खोबरं, लवंग, पाक हे लाकडाचं खातं आहे. धान्याचं खातं त्याच्या आत, मधल्या घोटात आणि शेवटाला शोधावं लागतं.

पहिली फेरी, 45 टक्क्यांची जोडी. इथे कुणालाच अडचण आली नाही. नाक नेलं तेव्हाच दोन्ही वेगळ्या झाल्या. एका ग्लासात शेपू. अक्षरशः शेपूची जुडी सोडवताना हाताला येतो तो वास, त्यामागे पुदिना, हिरवी बडीशेप, थोडं निलगिरीसारखं गार काहीतरी. हीच इंडियानाच्या 95 टक्के रायची सही आहे आणि एकदा ओळखली की दुसऱ्या कुठल्याही लेबलखाली लपत नाही. तोंडात ती सडपातळ लागते, मध्ये भरणा कमी, शेवट कोरडा. मक्याचा तेलकट गोडवा नसतो म्हणून हे होतं. दुसऱ्या ग्लासात, मेकर्स मार्कमध्ये, तुपात भाजलेल्या कणकेसारखी ऊब, पाक, पिकलेलं फळ, आणि झोंबणं जिभेच्या टोकाशीच संपलेलं. गहू स्वतः फारसा बोलत नाही. राय काढून घेतल्यामुळे मका आणि लाकूड मोकळे होतात, एवढंच त्याचं काम, पण ते काम मोठं आहे.

दुसरी फेरी, 50 टक्के. एव्हान विल्यम्समध्ये काकवी, भाजलेलं कणीस, शेंगदाण्याची साल, शेवटाला मिरी. रिटनहाऊसमध्ये संत्र्याची साल, दालचिनी, कोको, आणि शेवट अधिक लांब. वासावरून आमच्यात एकमत झालं नाही. घोट घेतल्यावर झालं. इथे शेपू किंवा पुदिना यांचा मागमूस नाही. ज्यांनी रायची ओळख तिसऱ्या जोडीच्या बाटलीवरून करून घेतली आहे ते रिटनहाऊसला हटकून बर्बन म्हणतात, आणि आमच्या टेबलावर ते घडलंही. त्यांचं नाक खोटं नव्हतं. 35 टक्के मका असलेल्या व्हिस्कीला मक्याचा गोडवा असणारच.

तिसरी फेरी, वाइल्ड टर्कीची जोडी, आणि इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. पहिल्या भेटीत दोन्ही ग्लास सख्ख्या बहिणी वाटतात. जाळलेल्या ओकचा तोच खोल वास, तोच करपत आलेला पाक, तीच तंबाखूच्या पानाची झाक. घर एकच आहे, ते पहिल्यांदा बोलतं. फरक मधल्या घोटात उलगडतो. बर्बन जिभेवर रुंद पसरते, काकवीसारखी जड. शेवटाला मिरी येते पण गोडव्यात बुडालेली. राय त्याच जागी अरुंद होते, गोडवा लवकर सरतो, मग मिरी, शहाजिरं, सफरचंदाच्या सालीसारखा थोडा आंबटपणा, आणि कोरडा शेवट. फरक खरा आहे, पण बारीक आहे. 38 टक्के धान्य बदलून एवढाच बदल व्हावा, हे समजणं हेच या संपूर्ण बैठकीतलं आम्हाला सर्वांत मोलाचं वाटलं. बाटलीच्या गळ्यापर्यंत येणाऱ्या चवीचा मोठा भाग कोऱ्या, जाळलेल्या पिंपाचा आणि घरच्या यीस्टचा असतो.

पण हा फरक खरोखर लागतो की आपण तो कल्पनेने उभा करतो? त्यासाठी त्रिकोणी चाचणी. तीन ग्लास, दोनांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा, बस्स. आवडनावड, नाव, वर्णन काही नाही. बर्बनला ब आणि रायला र म्हटलं तर सहा मांडण्या होतात: बबर, बरब, रबब, ररब, रबर, बरर. सहाही एकेकदा, क्रम चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक ग्लासात 5 मिली पुरे. नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांश असते. सहापैकी चार बरोबर आले तरी त्यावर विसंबू नका, कारण चार किंवा अधिक नशिबानेच जुळण्याची शक्यता जवळजवळ 10 टक्के आहे. पाच किंवा सहा बरोबर आले तर ती 2 टक्क्यांच्या आत येते. तेव्हा म्हणावं, फरक कळतो. अठरा ग्लास एका बैठकीत होत नाहीत. आम्ही दोन सकाळी तीन-तीन मांडण्या केल्या. चौथ्या मांडणीपासून नाक थकतं आणि माणूस अंदाज मारायला लागतो.

आणखी एक युक्ती, जी गुण द्यायची सवय असलेल्यांनी एकदा तरी करावी: सहा ग्लासांच्या रांगेत सातवा ग्लास ठेवायचा, आधीच असलेल्या एखाद्या व्हिस्कीचा. कोणती ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. त्या जुळ्यांना एकाच माणसाने 100 पैकी 84 आणि 91 दिले, तर त्याच्या बाकीच्या गुणांत सात गुणांपेक्षा कमी असलेला कुठलाही फरक वाचू नये. आम्ही गुण देणं सोडून दिलं. जोडीतली कोणती पुन्हा ओतून घ्याल, एवढंच विचारतो. उत्तर जास्त टिकतं.

शेवटी पाणी. तीव्रता सारखी ठेवायची असा पण होता, पण तीन जोड्या तीन वेगळ्या पातळ्यांवर होत्या. त्या एका रांगेत आणण्यासाठी चारही कडक व्हिस्क्या 45 टक्क्यांवर आणल्या. हिशेब सोपा आहे: मूळ मिली गुणिले मूळ टक्के, भागिले हवे असलेले टक्के, त्यातून मूळ मिली वजा. 15 मिली 50.5 टक्क्यांची असेल तर 15 × 50.5 ÷ 45 = 16.8, म्हणजे 1.8 मिली पाणी. 50 टक्क्यांसाठी 1.7 मिली. पाणी व अल्कोहोल मिसळल्यावर आकारमान किंचित आकुंचतं, ते या मापात सोडून देता येतं. पाणी क्लोरीनचा वास नसलेलं आणि खोलीच्याच तापमानाचं हवं. ग्लास नव्याने भरावा. घोट घेतलेल्या ग्लासात किती उरलं आहे हे माहीत नसतं, त्यामुळे हिशेब चुकतो. पाणी घातल्यावर पाच मिनिटं थांबा. लगेच हुंगलं तर विस्कटलेला वास येतो. बर्फ या कामात वर्ज्य. थंडीने आधी वास मरतो आणि मागे उरतो तो लाकडाचा तुरटपणा.

थोडं पाणी वास का उघडतं याचं एक उत्तर 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावरच्या प्रतिकृतीतून दिलं. ग्वायकॉल हा धुराच्या वासाचा रेणू 45 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, म्हणजे नाकाच्या वाटेवर. अल्कोहोल खूप चढलं की तो इथेनॉलने वेढला जाऊन खाली जातो. जाळलेल्या पिंपातल्या व्हिस्कीसाठी हा नेमका कामाचा रेणू आहे.

सहाही ग्लास 45 वर आल्यावर रांग पालटली. आधी ज्यांना वाइल्ड टर्कीची राय ‘सर्वांत मसालेदार’ वाटली होती त्यांनी आता तो मान 95 टक्क्यांच्या रायला दिला. म्हणजे आधी त्यांनी मोजलं होतं ते झोंबणंच. रिटनहाऊसचा कोको मागे सरला आणि संत्र्याची साल पुढे आली. एव्हान विल्यम्स पाण्याने सर्वांत जास्त बदलली: मिरी निघून गेली, भुईमूग आणि काकवी उरली. मेकर्स मार्क जशी होती तशीच, तिला पाणी घातलंच नव्हतं. पण आता शेजारणी शांत झाल्यामुळे तिच्यातलं खोबरं पहिल्यांदा कळलं.

ज्यांना सहा बाटल्या परवडणार नाहीत त्यांनी एकच जोडी करायची तर वाइल्ड टर्कीची करावी, आणि रायचं दुसरं टोक बघायला 95 टक्क्यांवाली एखादी बारमध्ये एका पेगापुरती घ्यावी. भारतात बर्बन जितकी सहज दिसते तितकी राय दिसत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आलं, तरी बाटली महागच पडते. अमेरिकेतून कुणी येणार असेल तर बाँडची राय मागवा. तिथे ती मधल्या किमतीत मिळते.

बैठक उठल्यावर ग्लास लगेच धुवायला टाकू नका. रिकामे ग्लास तासाभराने, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाला चिकटलेला अर्क तेवढा बोलतो. वाइल्ड टर्कीच्या दोन्ही ग्लासांत सकाळी ओला कोळसा आणि गूळ होता, एकमेकांपासून ओळखू न येणारा. मेकर्स मार्कच्या ग्लासात व्हॅनिला. इंडियानाच्या ग्लासात मात्र, दुसऱ्या दिवशीसुद्धा, शेपू.